काळजी करायची की घ्यायची?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) :

काकाजी, सादर नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वय तेहेतीस. सहा एकर कोरडवाहू वावर, आई-बाबा, पत्नी आणि पहिलीत जाणारी मुलगी असे घर आहे. पत्नी गावच्या बचत गटाची सचिव आहे. मागील वर्षी दुकानातून आणलेले सोयाबीन नीट उगवले नाही, दुबार पेरणी करावी लागली आणि लावलेला खर्चही निघाला नाही. गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्ज थकले आहे. सगळे सांगतात, भरू नको, माफी येणार आहे. यंदा चार एकरांसाठी घरचेच सोयाबीन बियाणे म्हणून ठेवले आहे, पण ते उगवेल का, पाऊस वेळेवर येईल का, भाव मिळेल का, या विचारांनी रात्री दोनला जाग येते आणि मी मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहत बसतो. भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत दहा वेळा ऐकून झाले. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे, तो म्हणतो, वावर विक आणि इकडे ये. दोन एकरांतील पऱ्हाटी (कपाशीची जुनी झाडे) अजून उभी आहे, वखरणी राहिली आहे, पण दिवस उजाडला की कशालाच हात लावावासा वाटत नाही. पत्नीला यातले काही सांगितलेले नाही. जो तो म्हणतो, भविष्याची चिंता सोड आणि काम कर. सोडायची कशी, हे कोणी सांगत नाही.

प्रिय भाऊ,

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण ती तक्रार रास्त आहे. कृषी सहायक म्हणून नोकरीची तीस वर्षे मी धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने काढली आणि 'चिंता करू नका, कामाला लागा' हे वाक्य किती जणांना ऐकवले याची मोजदाद नाही. पण त्या वाक्याने एखाद्याची चिंता गेली, असे एकही उदाहरण मला आज आठवत नाही. ज्यांची गेली त्यांची दुसऱ्याच कशाने तरी गेली, आणि ते काय असते हे उमजायला मला स्वतःलाही बराच काळ लागला.

आपल्या भाषेत काळजी हा एकच शब्द दोन तऱ्हांनी वापरला जातो. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. बैल आजारी पडला की काळजी करणारा माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. काळजी घेणारा उठून गोठ्यात जातो, बैलाच्या पाठीवर पोते टाकतो, पशुवैद्यकाला फोन लावतो आणि मग थकून झोपी जातो. बैल दोघांचाही तितकाच आजारी असतो. तुमच्या पत्रात करण्याची काळजी पानभर आहे आणि घेण्याची काळजी एका ओळीपुरतीही नाही. तुमची झोप त्या दोहोंच्या मधल्या जागेत कुठेतरी हरवली आहे, असे मला वाटते.

यात तुमचा दोष थोडा आणि आपल्या गावांच्या रीतीचा अधिक. आपल्याकडे चिंतेला मान आहे. घरचा कर्ता मुलगा कपाळाला हात लावून ओट्यावर बसलेला दिसला की येणारे-जाणारे म्हणतात, 'घराची चिंता आहे त्याला'. आणि नापिकीच्या वर्षी जो जेवून नऊ वाजता घोरू लागतो, तो बेफिकीर ठरतो. त्यामुळे चिंता सोडली तर जबाबदारी सोडल्यासारखे होईल, ही भीती मनात घर करते. रात्री दोन वाजता जागे असताना, आपण निदान घरासाठी झुरतो तरी आहोत, असे एक चोरटे समाधानही त्यात असते. सकाळी मात्र अंगात त्राण उरत नाही, वखर गोठ्याच्या भिंतीला टेकून तसाच राहतो आणि आज काहीच झाले नाही ही बोचणी पुढच्या रात्रीच्या चिंतेत जाऊन मिळते. ज्या घरासाठी तुम्ही जागता, त्या घराला त्या जागरणातून एक दाणाही मिळत नाही, हे एकदा स्वतःशी कबूल केल्यावाचून पुढचे काही जमणार नाही.

माझ्या वडिलांचेही असेच होते. मृग जवळ आला की ते अंगणात बाजेवर पडून तासन्‌तास आभाळ न्याहाळत. त्या वेळी आई कंदिलाजवळ बसून सुपात बियाणे निवडत असे, फुटके दाणे एका बाजूला, किडके दुसऱ्या बाजूला. एका रात्री ती न राहवून म्हणाली, "आवो, आभायाकडं पाहून मान दुखन, ते दुसरं सूप घ्या इकडं." वडील उठले, सूप घेऊन बसले. पाऊस त्या वर्षीही उशिरानेच आला. पण त्या रात्री ते लवकर झोपले, एवढे मला चांगले आठवते.

आता तुमच्या मोबाइलकडे वळतो. हवामान विभाग एप्रिलमध्ये जो अंदाज जाहीर करतो तो संपूर्ण देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चारही महिन्यांचा मिळून असतो. तो सरासरीच्या टक्केवारीत सांगतात, आणि त्यातील शंभर टक्के म्हणजे देशाची ८७ सेंटीमीटर ही सरासरी. ती सरासरी गाठली जाईल असे कळले, तरी वीस जूनला तुमच्या शिवारात वीतभर ओल असेल की नाही, याचे उत्तर त्यात नसते आणि ते शोधायला तो अंदाज केलेलाही नसतो. तुमच्या उपयोगाचा आहे तो पाच दिवसांचा अंदाज आणि त्यासोबत मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणारा जिल्ह्याचा कृषी सल्ला. तो सकाळी चहाबरोबर एकदा वाचावा आणि मोबाइल खिशात ठेवावा. रात्री तो उशाशी न ठेवता देवघराच्या खोलीत चार्जिंगला लावावा, म्हणजे दोन वाजता उठून तिथपर्यंत जाण्याचा कंटाळाच तुमचे काम करील. दोन वाजताचा अंदाज तीन वाजता पाहिल्याने ढग जवळ येत नाहीत.

घटमांडणीबद्दल तुम्ही जरा ओशाळून लिहिले आहे, तसे ओशाळण्याचे कारण नाही. नोकरीत असताना मीही एकदा कुतूहलापोटी जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला जाऊन ती पाहून आलो. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या वावरात अठरा धान्यांचा गोलाकार घट मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, वर पाण्याची घागर, पापड, करंजी असे पदार्थ असतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रीतून कोणता दाणा किती सरकला हे पाहून पिकांचे आणि पावसाचे भाकीत सांगितले जाते. परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची मानली जाते. तिला शास्त्राचा आधार नाही, हे कृषी खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने स्पष्ट सांगायलाच हवे. पण माझ्या लक्षात राहिले ते वेगळेच. परतताना एस. टी.मध्ये शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले की भाकीत तर ऐकले, आता पुढे काय करणार. तो माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहत म्हणाला, "काय करतो साहेब, कपाशी मध्यम सांगो का भारी सांगो, ढेकूय तं फोडाच लागते." त्या गृहस्थाने भाकीत एकदा ऐकले, त्याचा आनंद घेतला आणि घरी जाऊन वखर जुंपला. तुम्ही ते दहा वेळा ऐकले आणि वखर भिंतीला टेकलेलाच राहिला. श्रद्धा तुमची कदाचित त्याच्याएवढीच असेल, ती घेऊन त्याने काय केले एवढेच पाहा.

तुमच्या पत्रातील प्रश्न मी एका कागदावर उतरवले. पाऊस वेळेवर येईल का, भाव मिळेल का, माफी होईल का, बियाणे उगवेल का, वावर विकावे का. यांतील पहिल्या तिन्हींचे उत्तर मे महिन्यात कोणाकडेही नसते, मंत्र्यांकडे नसते आणि व्यापाऱ्यांकडेही नसते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता आणि दोन महिन्यांनी नवा माल बाजार समितीत आला तेव्हा तो जवळजवळ निम्म्यावर उतरला होता. त्या वर्षी मे महिन्यात हे दोन्ही आकडे सांगणारा एकही माणूस मला भेटला नव्हता. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुमच्याच घरात, कोपऱ्यातील पोत्यात आहे आणि ते सात दिवसांत मिळते. सात दिवसांत सुटणारा प्रश्न आणि कधीच न सुटणारे प्रश्न तुम्ही एकाच पोत्यात भरून शिवून टाकले, म्हणून ते सगळे सारखेच अवजड लागत आहेत.

तेव्हा हे पत्र वाचून झाले की उगवण तपासणी करा. तुम्हाला ती ऐकून ठाऊक असेल, कदाचित कंटाळा म्हणून केली नसेल, म्हणून सविस्तर लिहितो. बियाणे चार-पाच पोत्यांत असेल तर प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ दाणे काढून ते एकत्र मिसळावेत. मग त्यांतून न निवडता, म्हणजे टपोरे वेचून न घेता, सलग शंभर दाणे मोजावेत. हे मोजण्याचे काम तुमच्या मुलीकडे द्या. पहिलीत जाणाऱ्या मुलीला शंभरपर्यंत मोजायला आवडते आणि ती तुमच्यासारखी मनातल्या मनात चांगला दाणा शोधणार नाही. जुने गोणपाट स्वच्छ धुऊन, ओले करून, पिळून जमिनीवर पसरावे आणि त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दोन दाण्यांत बोटाच्या पेराएवढे अंतर ठेवून मांडाव्यात. वरून दुसरे ओले गोणपाट घालून त्याची सैलसर गुंडाळी करावी आणि ती घरात सावलीच्या, थंड जागी ठेवावी. माठाजवळची जागा चांगली. सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडावे, ओल टिकेल इतकेच. गोणपाटातून पाणी गळू लागले तर दाणे कुजतात आणि दोष उगाच बियाण्यावर जातो.

सातव्या दिवशी गुंडाळी उलगडा. ज्या दाण्याला खाली मूळ आणि वर कोंब असे दोन्ही निरोगी आले आहेत तोच मोजायचा; नुसता फुगलेला, बुरशीने पांढरा पडलेला किंवा वाकडातिकडा कोंब आलेला मोजायचा नाही. सत्तर किंवा त्याहून अधिक निघाले तर नेहमीप्रमाणे एकरी ३० किलो बियाणे पेरावे. सत्तरच्या खाली जितके दाणे कमी, तितक्या प्रत्येक दाण्यामागे एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे, म्हणजे चौसष्ट निघाले तर एकरी ३३ किलो. साठच्याही खाली आले तर ते सोयाबीन बियाणे म्हणून वापरू नये, तेलासाठी विकून टाकावे आणि दुसरे शोधावे. अजून तेवढे दिवस हाताशी आहेत. एक सांगून ठेवतो, सोयाबीनचे टरफल फार पातळ असते, त्यामुळे पोती उचलताना आपटू नका. मोलकरी पोते खांद्यावरून धपकन टाकतो तेव्हाच दहातला एखादा अंकुर आत मोडून जातो आणि पुढे आपण कंपनीला शिव्या देतो.

हे सगळे मी इतके लांबवले, कारण तुमच्या 'सोडायची कशी' या प्रश्नाचे माझ्याजवळचे उत्तर या गोणपाटातच आहे. ते गुंडाळून माठाजवळ ठेवल्यानंतर 'उगवेल की नाही' हा प्रश्न तुमच्या डोक्यातून उतरून त्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तो तिथे सात दिवस राहणार आहे, त्याला पाणी देण्यापलीकडे तुम्हाला काही करायचे नाही. रात्री जाग आली तर मनाला सांगायला एक खरी गोष्ट हाती असते, की त्याचा निकाल रविवारी आहे. चिंता पुष्कळदा अशी तारीख मिळाल्यावर गप्प बसते. जिला तारीख नसते ती रोज रात्री येते. आणि निकाल वाईट आला तरी तो मे महिन्यात कळलेला वाईट निकाल असेल. मागील वर्षी तुम्हाला तोच निकाल जुलैत, पेरलेल्या वावरात उभे राहून कळला होता.

उरलेल्या कामांबद्दल आता थोडक्यात लिहितो. दोन एकरांतील पऱ्हाटी या आठवड्यात उपटा. खरे तर ती डिसेंबर-जानेवारीतच निघायला हवी होती. फरदडीच्या, म्हणजे त्याच झाडांवर आणखी कापूस घेण्याच्या, मोहाने ठेवलेल्या पऱ्हाटीवरच गुलाबी बोंडअळीचा पुढचा संसार चालतो, आणि २०१७ मध्ये आपल्या विदर्भाने त्याची किती किंमत मोजली हे तुम्हाला मी सांगायला नको. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका. त्या दोन एकरांत पुन्हा कपाशी न घेता सोयाबीन आणि तुरीचे आंतरपीक घ्यावे, असे मी सुचवीन. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत घरात येते आणि तूर डिसेंबर-जानेवारीत, त्यामुळे पैसा दोन वेगवेगळ्या वेळी हाती येतो आणि एका पिकाने दगा दिला तर दुसरे थोडे तरी सावरते. पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नका, मग मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसली तरी चालेल. आमच्या घरी एकदा त्या पहिल्या सरीवर पेरले होते. नंतर अठरा दिवस थेंब नाही, उगवलेले करपले आणि दुसरे बियाणे एका व्यापाऱ्याकडून दीडपट भावाने उधार आणावे लागले. पाऊस आपल्या हाती नसतो, तिफण केव्हा जुंपायची एवढे मात्र असते.

बाजारभावाच्या बाबतीतही तुमच्या हाती दोन-तीन गोष्टी आहेत. पेरणीनंतर ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची सरकारी नोंद स्वतः करा, कारण सातबाऱ्यावर पीक चढले नसेल तर हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी अडते. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. केंद्रावर माल साधारणपणे १२ टक्के ओलाव्याच्या आत लागतो, म्हणून मळणीनंतर दोन-तीन उन्हे देण्याची सोय आधीच पाहून ठेवा. पीकविम्यात शेतकऱ्याचा हप्ता सोयाबीन आणि तुरीला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के आणि कपाशीला ५ टक्के असतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रासमोर रांगेत उभे राहण्यापेक्षा तो पेरणी आटोपल्याबरोबर भरावा.

कर्जाविषयी माझे मत गावातील लोकांपेक्षा वेगळे आहे आणि ते मी लपवणार नाही. माफी २००८ मध्ये आली, २०१७ मध्ये आली, २०१९ मध्ये आली. पुढेही येईल किंवा येणार नाही. आली तर अवश्य घ्यावी, तो काही कमीपणा नाही. पण येणार म्हणून थकवलेले कर्ज मधल्या वर्षांत माणसाचे काय करते, ते मी जवळून पाहिले आहे. सोसायटीचे दार बंद होते आणि त्याच जून महिन्यात तोच माणूस सावकाराच्या ओसरीवर बसलेला दिसतो. शिवाय मुदतीत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज राज्याच्या व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडते, आणि २०१९ च्या माफीत नियमित फेडणाऱ्यांसाठीही ५० हजार रुपयांपर्यंतची प्रोत्साहनाची रक्कम होती, ही गोष्ट चावडीवर फारशी कोणी सांगत नाही. तुम्ही सोमवारी सोसायटीच्या गटसचिवांकडे जा आणि तीनच गोष्टी विचारा : मुद्दल किती, व्याज किती, आणि काही रक्कम भरली तर पुनर्गठन (थकलेल्या कर्जाचे हप्ते नव्याने बांधून देणे) किंवा नवे कर्ज मिळू शकते का. त्या दिवशी काही भरू नका, काही कबूलही करू नका, फक्त आकडा कागदावर लिहून घरी आणा. अंधारात जे भूत वाटते ते बहुतेक वेळा आकड्याच्या रूपात त्याहून लहान निघते. आणि समजा मोठे निघाले, तरी आकड्याशी बोलता येते.

चाकणचे काय, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. तुमचा भाऊ चूक बोलतो असे मी म्हणणार नाही. सहा एकर कोरडवाहू जमिनीवर पाच माणसांचा संसार चालवणे अवघड आहे आणि शेती सोडणे हा काही गुन्हा नाही. माझा आक्षेप फक्त वेळेला आहे. तीन आठवडे न झोपलेल्या माणसाने, एका बुडालेल्या हंगामाच्या पाठोपाठ, मे महिन्याच्या उन्हात वडिलोपार्जित वावर विकण्याचा निर्णय घेऊ नये. यंदाचा खर्च आणि उत्पन्न पैशापैशाने लिहून ठेवा, त्यात तुमची आणि पत्नीची मजुरीही धरा, आणि तूर घरात आली की संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी तुम्ही, पत्नी, बाबा आणि भाऊ असे चौघे ती वही उघडून बसा. भावाला आजच फोन करून तो दिवस सांगून टाका. तोवर त्याने तो विषय काढायचा नाही आणि तुम्ही रात्री तो चघळायचा नाही.

पत्नीला काही सांगितले नाही, असे तुम्ही लिहिता. भाऊ, शेजारी झोपलेला माणूस रोज रात्री दोनला उठून उजेडाकडे पाहत बसतो, हे जिला कळत नाही अशी बाई मी अजून पाहिलेली नाही. तिला कळले आहे. ती फक्त तुमच्या बोलण्याची वाट पाहत आहे, आणि बहुधा तुमच्याहून वाईट काही गृहीत धरून बसली आहे. शिवाय ती बचत गटाची सचिव आहे, म्हणजे दहा-पंधरा बायकांचे कर्ज, व्याज आणि हप्ते यांचा हिशेब ती दर महिन्याला जुळवते. घरात हिशेबनीस असताना तुम्ही अंधारात एकट्याने आकडेमोड का करता, हे मला खरोखर समजत नाही. रोज जेवणानंतर अर्धा तास दोघे ओट्यावर बसा. दिवसभरात जी जी चिंता डोके वर काढील तिला 'रात्री ओट्यावर बोलू' असे सांगून परत पाठवा. आणि ओट्यावर प्रत्येकीबद्दल एवढेच ठरवा की उद्या सकाळी हिच्यासाठी काय करता येईल. ज्या चिंतेसाठी उद्या काहीच करता येत नाही, तिच्यावर त्या दिवशी बोलायचे नाही. पहिले तीन-चार दिवस हे कृत्रिम वाटेल. तुमचे बाबा खोकून विचारतील, काय खलबते चालली आहेत. त्यांनाही बसवून घ्या, त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त दुष्काळ पाहिले आहेत.

एक गोष्ट गांभीर्याने लिहितो. झोप उडणे, जेवण न जाणे, कशालाच हात लावावासा न वाटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो केवळ स्वभाव किंवा आळस राहत नाही, तो आजारही असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. दारव्ह्याच्या किंवा यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना हे सगळे जसेच्या तसे सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचा विचार एकदा जरी मनात येऊन गेला असेल, तर तो माझ्यापासून लपवला तरी चालेल, पण पत्नीपासून आणि डॉक्टरांपासून एक दिवसही लपवू नका. आणि फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवा, किल्ली आईकडे द्या. हे मी हल्ली प्रत्येक घराला सांगतो, तुम्हालाच वेगळे सांगत नाही.

उद्या सकाळी उठल्यावर सगळे एकदम करायला जाऊ नका. पऱ्हाटीच्या दोनच ओळी उपटा आणि घरी या. दोन ओळी उपटलेल्या माणसाला तिसरी उपटावीशी वाटते की नाही, ते वावरातच ठरेल. न वाटली तर परवा पुन्हा दोन.

गोणपाट आज संध्याकाळीच ओले करा. सातव्या दिवशी मुलीने मोजलेला आकडा मला कळवा, साठच्या खाली आला तरी कळवा. तुमच्या भागात खात्रीचे बियाणे कोणाकडे शिल्लक आहे, याची चौकशी मी तोवर करून ठेवतो.

तुमचा,
काकाजी